तिसरी पायरी

आमच्या टाक्याच्या आत तीन पायऱ्या आहेत. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापते नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले होते, त्या सकाळी मी तोंडात ब्रश घेऊन काठाशी गेलो, तर पहिली पायरी दिसली, दुसरीची नुसती कड दिसली आणि तिसरी नाहीच. आदल्या संध्याकाळी पाणी जरा धुरकट वाटलं होतं, पण म्हटलं, उन्हं उतरताना तसंच दिसतं. आता ते मुगाच्या सालीसारखं हिरवं झालं होतं. हात बुडवला, बोटं चोळली. बुळबुळीत.

मागे बाबा येऊन उभे राहिले होते. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "शेवाय."

आमच्याकडे ळचा य होतो. शेवाळ लिहायचं, शेवाय म्हणायचं. लिहिलेल्या शेवाळापेक्षा म्हटलेलं शेवाय मला जास्त बुळबुळीत वाटतं, ते जाऊ द्या.

टाकं म्हणजे 20 फूट लांब, 12 फूट रुंद, पाणी 4 फूट. पुण्याहून येणारे पुतणे त्याला स्विमिंग पूल म्हणतात. बाबांच्या मते ते ढोरांचंच टाकं, फक्त इंग्रजी नाव ठेवलेलं. खरं तर ते बांधलं भीतीपोटी. आमच्या वरुडच्या पट्ट्यात आता शिवाराशिवारात शेततळी आहेत. आतून 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, चारही बाजूंनी तिरपा उतार, आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा थर. त्या उतारावर पाय टेकत नाही, हात धरायला काही नाही. चांगला पोहणाराही काठापर्यंत येतो आणि काठावर चढू शकत नाही. दर उन्हाळ्यात कुठल्यातरी गावची बातमी असतेच. सुटीत पोरं घरी आली की माझं लक्ष दिवसभर शेजारच्या धुऱ्यापलीकडच्या तळ्याकडे. शेवटी म्हटलं, यांना पाणी पाहिजेच आहे, तर उभं राहून गळ्याच्या खाली येईल एवढं, पायऱ्या असलेलं, घरासमोर डोळ्यांपुढे असलेलं देऊ.

घरचा नियम एकच. बायको सकाळी टाक्यात एक रुपया टाकते. तो तळाला छापा पडला की काटा, हे काठावरून ओळखता आलं तरच पोरांनी उतरायचं. गढूळ पाण्यात पोर तळाशी बसलं तरी वरून कळत नाही, म्हणून हा नियम. त्या दिवशी रुपया टाकला आणि तो हिरव्यात विरघळल्यासारखा गेला. पोरं कपडे काढून तयार होती. लहानीनं विचारलं, "मोठे बाबा, छापा समजून उतरू का?"

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तो एकच, पाणी सोडून दे. अमरावतीच्या एका दुकानदाराला फोन केला, त्यानंही तेच सांगितलं: "सर, पाणी सोडून द्या, घासून घ्या, नवीन भरा." वर एका निळ्या बाटलीची किंमत सांगितली. त्याचं चुकलं नाही. शहरात नळ सोडला की पाणी येतं. इथे गावात नळ चौथ्या दिवशी येतो. वरुड-मोर्शीचा सगळा पट्टा भूजलाच्या हिशेबात कित्येक वर्षांपासून अतिशोषित, बोर किती फूट मारली हे लोक सोयरिकीच्या बोलण्यात सांगतात. माझ्या विहिरीला मेच्या शेवटी तासभराचं पाणी. त्यातून ढोरं, घर, अर्धा एकर ढेमसं, आणि उरलंसुरलं टाक्यात. ते भरायला चार दिवस लागले होते. तेही लाजत. शेजारची काकू काठावर येऊन पदर तोंडाला लावून उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "येवढं पाणी बाई, आंघोयीसाठी!" तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आणि सोडायचं म्हटलं तरी कुठे? टाक्याचा उतार जातो संत्र्याच्या त्या तुकड्याकडे, जो मृग बहारासाठी ताणावर होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याला मेमध्ये पाणी तोडतात, झाड सुकवतात, पानं मलूल होऊ देतात. मग मृगाचा पाऊस पडला की झाड एकदम फुलतं. ताणावरच्या झाडाला मध्येच पाणी मिळालं की फुलाऐवजी पालवी फुटते आणि वर्षाचा बहार गेला. तेव्हा 27,000 लिटर पाणी तिकडे सोडणं म्हणजे पोरांच्या पोहण्यापायी बाग हातची घालवणं. म्हणून ठरवलं, पाणी हेच राहील, त्यातलं शेवाळ जाईल.

बाबांचा उपाय तयार होता. "मोरचूद टाक ना गा. घरातच हाये."

मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घरात होताच. संत्रेवाल्याच्या घरात तो हळदीसारखा असतो. डिंक्या रोगासाठी पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. तांबं शेवाळाला मारतं हे खरंच आहे. पण आमचं पाणी जड. विहीर काळ्या दगडातली, क्षार भरपूर. अशा पाण्यात तांबं फार वेळ विरघळलेलं राहत नाही, क्षारांशी बांधलं जाऊन खाली बसतं. मग आणखी टाका, आणखी टाका. भिंतीला डाग पडतात, केसांना हिरवट झाक येते, आणि शेवटी हे सगळं पाणी जाणार मातीतच. तांबं मातीत साचतं, कुठे जात नाही. बुंध्याला लावतो तेवढं पुरे. बाबांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "मंग पाह्य तुह्या मनानं." आमच्याकडे या वाक्याचा अर्थ होतो, तू तोंडावर पडणार आहेस.

मी गेलो पंचायतीच्या नळवाल्या भाऊकडे. गावच्या टाकीत टीसीएल टाकण्याचं काम त्याचं. टीसीएल म्हणजे आपली ब्लिचिंग पावडर. ताज्या पोत्यात 30 टक्क्यांच्या वर क्लोरीन असतं, पोतं फुटून हवा लागली की दिवसागणिक उतरत जातं. हिशेब आम्ही ओट्यावर बसून विटेच्या तुकड्यानं केला. 20 गुणिले 12 गुणिले 4, म्हणजे 960 घनफूट. एका घनफुटात 28 लिटरच्या वर. झाले 27,000 लिटर. इतक्या पाण्यात 1 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, क्लोरीन आणायचं तर 27 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 90 ग्रॅम पावडर. पोहायच्या पाण्यात 1 ते 3 पीपीएम असलं की बास. पण एकदा शेवाळ धरलं की झटका द्यावा लागतो, 10 पीपीएमचा. म्हणजे 900 ग्रॅम. पोतं जुनं, तेव्हा किलो.

"संध्याकायी टाकजो," भाऊ म्हणाला. "दिवसा टाकशीन त ऊनच पिऊन घेते."

हे अक्षरशः खरं आहे. उघड्या पाण्यातलं साधं क्लोरीन कडक उन्हात दोन-तीन तासांत जवळजवळ संपतं. दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये त्याला उन्हापासून वाचवणारं औषध मिसळलेलं असतं, पण ते औषध पाण्यातून उडत नाही, साठत जातं, आणि फार साठलं की क्लोरीनलाच बांधून ठेवतं. ज्याला पाणी बदलायचं नाही त्याला ते परवडत नाही. म्हणून मी रात्रीचा रस्ता धरला. बादलीत पावडर भिजवली, चुना खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी चारही बाजूंनी टाकलं, बांबूनं ढवळलं. टाक्यावर वास असा सुटला की कुत्रा उठून गोठ्याकडे गेला.

सकाळी भाऊ त्याची ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली घेऊन आला. नळीत पाणी, त्यात दोन थेंब. पिवळं. "पाह्य, क्लोरीन हाये. झालं तुहं काम." आम्ही दोघांनी टाक्याकडे पाहिलं. हिरवं ते हिरवंच.

दुसऱ्या रात्री आणखी एक किलो. सकाळी ओटी पिवळी, पाणी हिरवं, वास दुप्पट.

त्या दुपारी माझ्या भावाचा, म्हणजे पोरांच्या बापाचा, पुण्याहून फोन. त्यानं केरळातली मेंदू खाणाऱ्या अमिबाची बातमी वाचली होती. पोरं टाक्यात जातात का, नाकात पाणी जातं का, पाणी किती गरम आहे. मी म्हटलं, कोणी उतरलेलं नाही, कुलूप लावल्यासारखं बंद आहे. फोन ठेवून थर्मामीटर बुडवला तर 34 अंश. तो जीव कोमट गोड्या पाण्यातच रमतो आणि शिरतो नाकातून. पाणी प्यायलं तर काही करत नाही. क्लोरीन नीट असेल तर मरतो. क्लोरीन नीट आहे का, हेच तर मला कळत नव्हतं. तोवर हा माझ्यासाठी सौंदर्याचा प्रश्न होता. त्या फोननंतर राहिला नाही.

गोठ्याशेजारी ढोरांचं टाकं आहे, तेही हिरवंच असतं बारा महिने. त्यात आरोग्यवाल्यांनी दिलेले गप्पी मासे सोडलेत. बैल त्यात तोंड घालून फुर्र करतात, पाणी पितात, कोणाची तक्रार नाही. साधं हिरवं शेवाळ स्वतः फारसं कोणाला काही करत नाही. निळसर, रंगाच्या सायीसारखं वर तरंगणारं असतं ते निराळं. ते ढोरांनाही बाधतं, तसं दिसलं तर टाकं लगेच रिकामं करावं. पण पोरांच्या टाक्यात हिरवं दिसणं म्हणजे एक खूण आहे की या पाण्यात जगायला मज्जाव नाही. शेवाळ जगतंय तर बाकीचंही जगत असेल, जे दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी मला सामू आठवला, म्हणजे पीएच. आपण मातीचा तपासतो, तोच. ड्रिपच्या नळ्यांत क्षार बसले की ॲसिड सोडतात, शेवाळ बसलं की क्लोरीन सोडतात. माझ्या घरी त्यासाठीची कागदी पट्टी पडलेली, आणि मी दोन दिवस पोती रिकामी करतोय! पट्टी बुडवली. रंग 8 आणि 9 च्या मध्ये कुठेतरी. क्लोरीन पाण्यात पडलं की त्याची दोन रूपं होतात, एक मारणारं, एक नुसतं बसून राहणारं. सामू 7.5 ला दोन्ही निम्मी-निम्मी. 8.2 ला मारणारं उरतं सहावा हिस्सा. उरलेले पाच हिस्से पंगतीला येतात, वाढायला उठत नाहीत. आणि टीसीएल स्वतः चुन्याची, ती सामू आणखी वर ढकलते.

सामू खाली आणायला सव्वा लिटर ॲसिड गेलं, तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी बादलीभर पाण्यात पातळ करून. इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण आमच्या भागात फरशी धुवायचं ॲसिड आणि टीसीएल एकाच मोरीत ठेवलेली पाहिली आहेत. ही दोन कधी एका भांड्यात येऊ देऊ नका. त्या बादलीतून क्लोरीन वायू निघतो, आणि तो माणूस आडवा करतो. मी ॲसिड सकाळी टाकलं, टीसीएल रात्री, बादल्याही वेगळ्या. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही. तोंडाला गमछा बांधून काही होत नाही, वारा पाठीमागून घ्यायचा.

सामू 7.4 च्या आसपास आला. रात्री तिसरा किलो. सकाळी मी भाऊच्या आधी उठलो. हिरवं.

त्या वेळी माझी जी अवस्था झाली ती काही पाण्यामुळे नव्हती. 46 अंशांत तीन रात्री जागलेला माणूस, घरात पोरं कुलरपुढे लोळत मोबाइल बघतायत, बाबा अंगणात खाटेवर बसून काही बोलत नाहीत. बाबा बोलत नाहीत तेव्हा फार बोलतात.

गुंता सोडवला बायकोनं, तोही पाण्याचं काही न पाहता. ती ढेमसं तोडून आली आणि दारातूनच म्हणाली, "अवो, ते बारा एकसष्टचं ड्रम कोणं रिकामं केलं? मी अर्धंच सोडलं होतं."

मी दोन मिनिटं तसाच उभा.

स्विमिंग पूलचा फिल्टर महाग, म्हणून मी एक शहाणपणा केला होता. ड्रिपच्या हेडवर, म्हणजे जिथून पाणी नळ्यांत जातं तिथे, वाळूचा फिल्टर आहेच, तर टाक्याचं पाणी त्यातूनच फिरवून परत टाक्यात आणायचं. नळी जोडली, कॉक बदलले. त्या आठवड्यात थ्री फेज लाईन रात्रीची होती, म्हणून पोरं आल्याच्या दिवशी रात्री 11 ला मोटर लावून झोपलो. त्याच हेडवर पुढे व्हेंचुरी आहे, खत ओढून घेणारी. तिची नळी निळ्या ड्रममध्ये, ड्रममध्ये ढेमशांसाठी विरघळवलेलं 12:61:00, म्हणजे बारा टक्के नत्र आणि एकसष्ट टक्के स्फुरद असलेलं खत. आणि व्हेंचुरीचा कॉक अर्धा उघडा. रात्रभर ती इमानदारीनं खत ओढत राहिली आणि माझ्या टाक्यात सोडत राहिली. किलोभर तरी गेलं असेल. मी पाणी स्वच्छ करायला फिल्टर लावला आणि शेवाळाची पेरणी करून, वर खत देऊन, झोपायला गेलो.

मग पुन्हा ओटा, पुन्हा विटेचा तुकडा. 1 किलोमध्ये नत्र 120 ग्रॅम. 27,000 लिटरमध्ये 4 पीपीएमच्या वर. स्फुरदाचा आकडा 61 लिहिलेला असला तरी मूळ फॉस्फरस त्यात 266 ग्रॅम, म्हणजे पाण्यात 10 पीपीएम. शेवाळाला पीपीएमचा दहावा हिस्सा मिळाला तरी सण असतो. मी दिवाळी लावली होती.

पण खरी मेख नत्रात होती. या खतातलं नत्र अमोनियाच्या रूपात असतं, आणि क्लोरीन अमोनियाला भेटलं की त्याच्याशी संसार मांडतं. त्यातून जे होतं ते क्लोरामाइन. मारण्याची ताकद फार थोडी, वास मात्र उग्र. पोहण्याच्या तलावावर जो वास येतो, डोळे चुरचुरतात, त्याला लोक जास्त क्लोरीनचा वास समजतात. तो बहुतेक वेळा कमी पडलेल्या क्लोरीनचा असतो. घाम, लघवी यांतलं नत्रही हेच करतं, फक्त थोडं थोडं. आणि ओटी? ओटी दोघांनाही पिवळी होते. मोकळं क्लोरीन असेल तर थेंब पडताक्षणी, क्लोरामाइन असेल तर हळूहळू, मिनिट-दोन मिनिटांत रंग चढतो. भाऊची नळी रोज हळूहळू पिवळी होत होती. आम्ही दोघं तोवर गप्पा मारत होतो.

अमोनियाचं पूर्ण देणं फेडायला नत्राच्या आठ-दहा पट क्लोरीन लागतं. 120 ग्रॅमला किलोच्या वर क्लोरीन, म्हणजे 4 किलो पावडर, पोतं जुनं असेल तर त्याहून जास्त. मी रोज किलो-किलो टाकून सावकाराचं नुसतं व्याज भरत होतो. मुद्दल तसंच. अशा वेळी मध्ये थांबलं की केलेलं सगळं पाण्यात जातं, इथे तर शब्दशः.

व्हेंचुरी आधी काढून ठेवली, तिथे प्लग मारला. त्या रात्री दीड किलो, पुढच्या रात्री दीड किलो. पोरांना आणि बाबांना आतल्या खोलीत झोपवलं, कारण देणं फिटत येतं त्या टप्प्याला वास सर्वांत वाईट होतो, नाकाच्या मुळाशी झोंबतो. पाचव्या रात्रीनंतरच्या पहाटे उठलो आणि दार उघडून थांबलो. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वास नव्हता. नुसता धुतलेल्या कपड्यांचा असतो तेवढाच. बॅटरीच्या उजेडात नळी धरली, थेंब टाकला, आणि थेंब तळाला पोचायच्या आधी नळी पिवळीजर्द. भाऊला उठवायला मी बनियनवरच गेलो.

उजाडल्यावर पाणी हिरवं नव्हतं. पांढरं होतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं, तिसरी पायरी त्यातही नाही. मेलेलं शेवाळ इतकं बारीक असतं की आपल्या वजनानं लवकर खाली बसत नाही, आणि ड्रिपच्या वाळूतूनही बरंचसं निसटतं.

इथे बाबा खाटेवरून उठले.

घरात गेले, जुन्या ट्रंकेतून एक कापडाची पुरचुंडी काढली, त्यातून एक बी. मटाराएवढी, चपटी गोल, राखाडी. निवळी. पूर्वी बाजारात जडीबुटीवाल्याकडे मिळायची, जंगलातल्या झाडाची. बाबांनी टाक्यातलं पाणी दोन काचेच्या ग्लासांत घेतलं. सहाणेवर थेंबभर पाण्यात बी उगाळली, चंदनासारखी, सात-आठ वेढे. ते गंध बोटानं एका ग्लासात उतरवलं, चमच्यानं सावकाश ढवळलं, आणि दोन्ही ग्लास खिडकीत ठेवले. पोरं हनुवटी टेकून समोर बसली. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग एका ग्लासात, पाण्यात जणू रवा पडलाय असे कण दिसायला लागले. ते एकमेकांना धरत होते, पिंजल्या कापसासारखे मोठे होत होते, मोठे झाले की खाली निघत होते. तासाभरानं त्या ग्लासातून खिडकीचे गज सरळ दिसत होते. दुसरा ग्लास तसाच, ताकासारखा. पुतण्यानं विचारलं, "आबाजी, हे जादू आहे का?" बाबा म्हणाले, "नाई बावा. निवयी हाये. म्हणूनच त निवयणं म्हंतेत."

27,000 लिटरला पुरतील एवढ्या निवळीच्या बिया आता कुठून आणणार. तेच काम तुरटी करते, किराणा दुकानात मिळते. पाऊण किलो घेतली, गरम पाण्यात विरघळवली, टाकंभर शिंपडली, बाबांनी सांगितलं तसं आधी जोरात ढवळलं, मग हळू, मग अजिबात हात लावला नाही. मोटर बंद, पोरांना काठावर यायला बंदी, कुत्रा बांधलेला. रात्रभर पाणी पुतळ्यासारखं ठेवलं.

सकाळी तिसरी पायरी होती. तिच्यावर बोटभर राखाडी गाळ बसलेला, पण होती. तळ पूर्ण दिसत होता, गालिचा अंथरल्यासारखा. पाइपाचं एक टोक तळाला, दुसरं उताराला, तोंडानं ओढून सायफन लावला आणि गाळ झाडूनं न हलवता पाइपानंच हळूहळू ओढला. दोन-अडीचशे लिटर पाणी गेलं, ते पपईच्या आळ्यात. कुठल्यातरी कोपऱ्यात पहिल्या दिवशीचा रुपया सापडला. काटा होता.

त्यानंतर दोन दिवस नुसती वाट पाहायची होती, क्लोरीन 3 पीपीएमच्या खाली उतरेपर्यंत. ते काम उन्हानं फुकट केलं. मग पोरं उतरली, त्यांचा आवाज शेजारच्या शिवारापर्यंत गेला आणि गावातली आणखी सात पोरं आली. उतरण्याआधी हापशावर साबण लावून आंघोळ, हा नियम मी काठावर बसून पाळायला लावला, आणि लघवीचं काय होतं ते रसायनशास्त्रासकट सांगितलं. मोठा पुतण्या सगळ्यांना संशयानं बघायला लागला. काकूची नात पण आली होती. काकू काठावर बसून होती, यावेळी पदर तोंडाला नव्हता.

रोज संध्याकाळी शंभर-दीडशे ग्रॅम पावडर, तीन-चार दिवसांनी सामू, कारण आमचं पाणी खाली आणलं तरी आपोआप वर चढतं. आठवड्यातून दोनदा भिंती काथ्यानं घासणं. भिंतीची घोटाई जिथे खडबडीत राहिली तिथेच शेवाळ पाय रोवतं, आणि एकदा त्याचा चिकट थर झाला की आत क्लोरीन पोचत नाही. पण खरा फरक पडला तो रोपांवरची जुनी हिरवी शेडनेट टाक्यावर बांधल्यावर. ऊन कमी, क्लोरीन टिकतं, शेवाळाचा स्वयंपाक बंद. पाणीही दोन अंश उतरलं. हे सगळ्यात स्वस्त होतं आणि सगळ्यात शेवटी सुचलं.

पोरं जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेली. मृग लागला आणि कोरडा गेला. दहा-बारा दिवस आभाळ नुसतं भरून यायचं, वारा सुटायचा, चार थेंब. ताणावरची झाडं आता जास्तच ओढत होती, पानं वळली होती. आणखी थांबलं तर फांद्या वाळतात. टाक्यात पावडर टाकणं मी आधीच बंद केलं होतं, शेडनेट काढली होती, चार दिवसांच्या उन्हात क्लोरीन उडून गेलं होतं. ओटी पांढरीच राहिली. एका संध्याकाळी उताराकडचा कॉक उघडला. तुरटीनं थोडंफार खाली बसवलं असेल ते सोडून माझं स्फुरद अजून त्या पाण्यातच होतं. बारा एकसष्ट जायचं होतं ढेमशांना, गेलं संत्र्याला, मधे पोरांना आंघोळ घालून.

रात्री टाकं रिकामं झालं. सकाळी मी आत उतरून घासायला लागलो. भिंती साफ, तळ साफ. तिसऱ्या पायरीच्या खाली, जिथे गवंड्यानं सांधा नीट भरला नाही, तिथे नखाएवढी हिरवी रेघ होती. जिवंत. मी काथ्या उचलला.

बाबा काठावर बसले होते, पाय आत सोडून.

"राहू दे," म्हणाले. "पुढच्या साली बियाण्याले होते."